आकड्यापुढचं अक्षर

भीमराव म्हणजे माझे बाबा. पुण्याजवळच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी काडतुसांचा दाब तपासला, आणि तो मोजतात तरी कसा हे आम्ही दोघा भावंडांनी त्यांना एकदाही विचारलं नाही. आई गेल्यावर ते माझ्याकडे ग्लासगोला आले, खिशात तांब्याचा एक चेपलेला तुकडा घेऊन. असा तुकडा चाचणीच्या नळीत बसवायचा, गोळी झाडायची आणि तो किती चेपला त्यावरून दाबाचा आकडा काढायचा. पुढे विजेचे सेन्सर आले. एकाच काडतुसाचा तांब्यावरचा आकडा वेगळा आणि सेन्सरचा वेगळा. म्हणून खात्याचा नियमच होता, आकड्यापुढे ‘तां’ किंवा ‘वि’ लिहायचं. अक्षर नसलेला कागद बाबा साहेबांनाही परत पाठवत.

माझा धाकटा भाऊ सम्यक टेक्सासला पेट्रोलपंपावरचं दुकान चालवतो. ते दोनदा लुटलं गेलं, तेव्हा त्याने एक जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. मी त्याच्यावर तडकले, “इथे असलं काही घरात ठेवलंस तर पाच वर्षं आत जाशील!” तो म्हणाला, “ताई, तू तिथे आहेस, मी इथे आहे.” झालं, बोलणं संपलं.

गुरुवारी त्याने चक्क बाबांना फोन केला. “बाबा, तुम्ही यातले एक्स्पर्ट ना? ओळखीतल्या एकाने घरी भरलेले राउंड्स दिलेत, सेल्फ-डिफेन्ससाठी एकदम स्ट्राँग. बॉक्सवर प्रेशर बेचाळीस हजार लिहिलंय. चालेल?” काडतुसाचं मापही त्याने सांगितलं.

बाबा इतके खूश झाले की मला त्यांची कीवच आली. पोराने जन्मात पहिल्यांदा त्यांच्या कामातलं काही विचारलं होतं. “त्या मापाची काडतुसं मी स्वतः तपासलीत,” ते ऐटीत म्हणाले, “लिमिट पंचेचाळीस. बिनधास्त वापर.” त्या दिवशी जेवताना त्यांनी मला एकतीस वर्षांचा कारखाना ऐकवला. मी मोबाइल बघत हं हं करत होते, हेही सांगून टाकते.

शनिवारी दुपारी ते मेथी निवडत बसले होते. हात एकदम थांबले.

“धम्मा, त्याने अक्षर सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही.”

“कसलं अक्षर?”

“पंचेचाळीस हे तांब्याचं लिमिट. तिकडे आता सगळे सेन्सरवर मोजतात. सेन्सरवर त्याच काडतुसाचं लिमिट पस्तीस आहे. आणि याच्याकडे बेचाळीस, तेही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये. गोळी बसते ते चेंबर फुटेल गं. हात जाईल पोराचा.”

सम्यक शनिवारी सकाळी दहाला नेमबाजीच्या रेंजवर सरावाला जाणार होता. तिकडचे दहा म्हणजे आमचे चार, आणि आता साडेतीन वाजले होते. त्याचा फोन लागेना. त्याची बायको ऋजुता, तिचाही लागेना. मी रेंजचा नंबर शोधून काढला, तर तिथे रेकॉर्ड केलेली बाई वेळापत्रक सांगत बसलेली. ऑफिसला ईमेल केला, दोघांना मेसेजवर मेसेज टाकले. सगळ्यांवर एकच टिक.

बाबांनी बूट घातले, कोट चढवला. “चल, निघू.”

“कुठे निघणार, बाबा?” मी ओरडलेच.

ते दाराशी तसेच उभे राहिले. “साधी गोळी घे म्हणायला हवं होतं. काउंटरमागून स्वतःला वाचवायला तेवढी पुरते. जास्त जोराची म्हणजे जास्त चांगली असं नसतं. जुन्या हत्याराला तर साधीच. हे सगळं मला येतं, धम्मा. येत असून मी लिमिट सांगून मिरवलो.” आणि बाबा ढसाढसा रडले. आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. घड्याळात चार वाजून गेले. मी नंबर लावत राहिले.

पावणेसहाला हॉस्पिटलमधून सम्यकचा फोन आला, माझे मेसेज न बघताच. मी तो स्पीकरवर टाकला.

“तुझे हात?” बाबांनी आधी हेच विचारलं.

“मला काही नाही झालं, बाबा.” त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “ऋजुताला आत नेलंय. चेंबर फुटलं. दोन बोटं गेली, डोळ्याचं अजून सांगत नाहीत. दुकानात ती एकटी असते ना, म्हणून तिलाच शिकवायचं होतं. तुम्ही बिनधास्त म्हणालात, म्हणून पहिली गोळी तिलाच झाडायला दिली.”

बाबा कोटासकट खुर्चीत बसले.

“त्या माणसाने बॉक्सवर चुकीचं लिहिलं असणार,” सम्यक म्हणाला. “मी त्याला सोडणार नाही. तुम्ही मला लेटर लिहून द्या, बाबा. एक्स्पर्ट म्हणून. बेचाळीस सेफ असतं, असं.”

मी बाबांचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. गप्प राहा, एवढंच मला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणावर ढकलायची वाट सम्यकने स्वतःच दाखवली होती.

बाबांनी हात सोडवून घेतला.

“त्याने बरोबर लिहिलं होतं,” ते म्हणाले. “तो सेन्सरचा आकडा, मी तांब्याचं लिमिट सांगितलं. चूक माझी आहे. लेटर मी तसंच देईन.”

सम्यकने फोन कट केला.

याला आता सात महिने झाले. लेटर बाबांनी त्याच संध्याकाळी लिहिलं, दोन्ही आकडे, प्रत्येकापुढे अक्षर, खाली सही. सम्यकचं उत्तर आलं नाही. दर शनिवारी चारला बाबा फोनपाशी येऊन बसतात, आणि मी त्यांना आत चला म्हणत नाही.