पोळ्याचा गहू

पोळा जवळ आला की पैठण तालुक्यातले ते प्रकरण मला हटकून आठवते. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ तपासले, पण ज्याच्यापुढे मान लववावी असे वाटले असा संशयित मला एकदाच भेटला.

पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, एक शेतकरी ठाण्यात आला. त्याचा बैल गोठ्यात मेला होता. "धाकट्या भावानं इष घातलं, साहेब," अशी त्याची फिर्याद. भावांची वाटणी झालेली, बांधावरून बोलणे बंद. त्यातच आमच्या बीट अंमलदाराला गावातून खबर मिळाली: थोरला देवळात गेलेला असताना धाकटा त्याच्या गोठ्यात शिरून बैलाच्या तोंडात बाटली रिकामी करत होता. मग आम्ही त्याला चौकशीला आणले.

"बाटलीत काय होतं?"

"गोडंतेल अन् सोडा. बैल फुगला व्हता."

"कशानं फुगला?"

इथे गडी जमिनीकडे बघू लागे. मी आवाज चढवला, समजावले, चहाही पाजला. ढिम्म! बाहेर अर्धे गाव जमले होते. गुन्हा लागला असता तर कोठडी होतीच, शिवाय बैल मारणारा हे नाव त्याच्या लेकरांनाही चिकटले असते. मला त्याचा रागच आला होता.

शवविच्छेदनाला पशुवैद्यकीय डॉक्टरबाई आल्या. बैलाचे पोट उघडताच आंबूस भपकारा आला.

"विष आहे का ते प्रयोगशाळा सांगेल," त्या म्हणाल्या, "पण हे पोट गव्हाच्या कणकेनं ठासून भरलंय."

"गहू तर चांगलाच की," मी म्हणालो.

"चांगलाच आहे. ताकद भरपूर, प्रथिनं मक्यापेक्षा जास्त. पण गहू उतावळा असतो, साहेब. पोटात गेला की झपाट्यानं आंबतो. थोडा थोडा, सवय लावून दिला तर अंगी लागतो. एकदम पोटभर दिला की पोटात आम्ल होतं अन् जनावर जातं. ज्वारीचा भरडा त्या मानानं सबुरीनं पचतो."

बाईंना घेऊन मी थोरल्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोचे डोळे रडून सुजले होते. सणाला बैलाला काय घातले, असे विचारताच त्याही स्थितीत तिच्या आवाजात कौतुक आले.

"पोळ्याच्या आदल्या दिशी खांदेमळणी झाली, तवापासून गव्हाची कणीक घातली, तूप लावून. वरीसभर जोंधळ्याचा भरडा खाल्ला बिचाऱ्यानं. म्हणलं, सणाला तरी गहू खाऊ दे. लई आवडीनं खाल्ली."

बाईंनी मान खाली घातली. थोरल्याची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली आणि काय ते समजली. गप्प राहिली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. पण ती तशीच आमच्याबरोबर ठाण्यात आली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "इष कुणीबी घातलं नाय. बैलाला गहू म्या चारला." नवऱ्याकडे तिने बघितलेही नाही.

धाकट्याला बाहेर आणले.

"लेकरा, तुला ठावं व्हतं?"

"गोठ्यात कणकेची परात बघितली व्हती, वैनी."

"मग बोलला का न्हाईस?"

"बैल तुमच्या हातचं खाऊन मेला, असं कोणत्या तोंडानं सांगू? म्याबी त्याच हातचं खाऊन वाढलो."

अंगावर खाकी असताना डोळ्यांत पाणी येऊ देऊ नये म्हणतात. मी सरळ आत निघून गेलो.

पुढे प्रयोगशाळेचा अहवालही विष नसल्याचाच आला आणि प्रकरण मिटले. तोंड मिटून बसलेला माणूस काहीतरी लपवत असतो, हे पोलिसाला पहिल्याच वर्षी कळते. तो स्वतःलाच वाचवत असेल असे नाही, हे मला त्या गड्याने शिकवले.

पुढच्या पोळ्याला बंदोबस्तावरून परतताना मी त्या गोठ्याशी मुद्दाम थांबलो. जोडीतला उरलेला बैल सजून उभा होता. वहिनीने ज्वारीच्या भरड्याची पाटी आणली, पण बैलापुढे ठेवेना. थोरल्याने ती तिच्या हातातून घेतली आणि बांधापलीकडे तोंड करून धाकट्याला हाक मारली, "ये रं, तूच घाल."