पायथ्याचं पाणी

उमरीकडच्या एका सरकारी तलावावर मी तीस वर्षं चौकीदारी केली. आता लातुरात लेकीकडं राहतो. लेक इंजिनिअर आहे. नांदेडला शिकली, आणि आता बंधारे-तलाव तपासून ते पक्के की कच्चे याचे दाखले देते. तिचं कौतुक मी चारचौघांत इतकं सांगतो की टपरीवर मला येताना बघून लोक बाकडं बदलतात. बदलू द्या. मी सांगायचा थांबणार नाही.

एक गोष्ट मात्र टपरीवर कधी काढली नाही, कारण तिच्यात माझी नाचक्की आहे. आज लिहूनच टाकतो.

सोमवारी आम्ही ज्या महादेवाच्या देवळात जातो, तिथं एक शेठ येतात. लातुरात त्यांची दाळमिल आणि उदगीर रस्त्याला शेती. शेतातल्या नाल्यावर त्यांच्या वडलांनी मातीचा बांध घातलेला. शेठनी त्याचं सहलीचं ठिकाण केलं. चार पायडलच्या बोटी, झोपाळे, भाकरी-ठेचा, थंडीत हुरडा. रविवारी क्लासची पोरं, त्यांचे आईबाप, नुसती जत्रा. आता बोटींना परवानगी पाहिजे, आणि परवानगीला बांध सुरक्षित असल्याचा दाखला. शेठनी मला देवळातच गाठलं. मी छाती फुगवून म्हणालो, घरचीच पोरगी हाय, काळजी सोडा.

गणपती नुकतेच उठले होते तेव्हा आम्ही गेलो. तलाव काठोकाठ. लेक टेप आणि वही घेऊन बांधावरून चालली, मी हात मागं बांधून तिच्या बाजूनं. जादा पाणी निघून जायची वाट म्हणजे सांडवा, तो शेठनी मातीच्या पोत्यांनी नि दगडांनी हातभर उंच करून टाकला होता. पाणी जास्त राहिलं तर बोटी तळाला घासत नाहीत म्हणे. लेकीनं पोती मोजली, वहीत लिहिलं. मीच शेठची बाजू घेतली. असं समदेच करतात, त्यात काय एवढं.

मग बांधाच्या पायथ्याशी उतरलो. तिथं शेठनी पांढऱ्या फरशीचं कुंड बांधलेलं. चार वर्षांपूर्वी तिथं आपोआप पाणी फुटलं होतं, भर उन्हाळ्यातसुद्धा आटलं नाही. शेठ पडले शिवभक्त. महादेवानंच गंगा सोडली असं मानून त्यांनी कुंडात पिंडी बसवली. पाणी मागून येऊन पिंडीवरून वाहायचं. दर सोमवारी गावोगावचे लोक येऊन बाटल्या भरून न्यायचे. मी चप्पल काढली, डोळे मिटले, हात जोडले, तीन ओंजळी पाणी प्यालो. गोड लागलं. पोट भरल्यावर जीभ सुटली आणि मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की शेठ, बांध लई पक्का हाय, तीस वर्षांचा अनुभव बोलून राहिला.

लेक प्याली नाही. तिनं माझ्या हातातली पाण्याची बाटली रिकामी केली, पिंडीच्या मागं जिथून धार येत होती तिथं धरून भरली आणि कट्ट्यावर उभी करून ठेवली. मग चहा आला. शेठ बोटींचं सांगत होते आणि ही बाई बाटलीकडं बघत बसलेली. मला लाज वाटली, रागही आला. माणसाच्या घरी जाऊन असं वागतात का? मी दोनदा डोळे वटारले. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

चहा संपला तसं तिनं मला जवळ बोलावलं. "अप्पा, बघा," एवढंच म्हणाली.

बाटलीच्या तळाशी नखभर पिवळी माती बसली होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो, ही रीत माझीच! माझ्या तलावावर रोज सकाळी मी पायथ्याचं पाणी असंच बाटलीत भरून ठेवायचो. पाणी नितळ राहिलं तर बांध नुसता झिरपतोय, भ्यायचं कारण नाही. तळाला माती बसली तर पाणी बांधाची माती आतून ओढून नेतंय, बांध पोखरत चाललाय. ही पोरगी आठ वर्षांची असताना ती बाटली तिच्याच हातात असायची. आणि आज मी समोर पिंडी दिसली म्हणून डोळे मिटून तीच माती पिऊन बसलो. वर पक्केपणाची ग्वाही!

पायथ्यापासून नाल्याकाठी, हाकेच्या अंतरावर, चौदा घरांची वस्ती होती. पत्र्याची घरं, एक अंगणवाडी. दोरीवर कपडे वाळत होते. बांध गेला असता तर त्या घरांना चप्पल घालायलाही उसंत मिळाली नसती.

लेकीनं शेठला शांतपणे सांगितलं की दाखल्यावर सही होणार नाही. पोती आजच काढायची, बोटी बंद. तलाव हळूहळू उतरवायचा, मगच कुंड काढायचं. तिथं सिमेंट चालणार नाही, वाळू नि खडीचे थर घालायचे, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. शेठचा चेहरा लालबुंद झाला. चार वर्षांत बांधाला काही झालं नाही, आणि देवाच्या जागेला पहार लावायची म्हणजे काय, पोरीची जात नि तोंड बघा केवढं. बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "काका, देव उचलून दुसरीकडं बसवता येतो. ही चौदा घरं येत नाहीत."

शेठ माझ्याकडं वळले. "चौकीदार, तुम्हीच आत्ता बांध पक्का म्हणालात. तुमचा शब्द खरा का हिचा?"

कामावरची माणसं, आचारी, बोटीवाला, सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. चुकलो म्हणायची मला सवय नाही. माझ्या बायकोनं उभ्या संसारात ते माझ्या तोंडून ऐकलं नाही, बिचारी वाट बघून थकली. 

"शेठ, म्या चुकलो," मी म्हणालो. "पोरीचं खरं हाय."

शेठ तडक निघून झोपाळ्यावर जाऊन बसले. लेक थांबली नाही. वस्तीत उतरली आणि घरोघर सांगत फिरली की नाल्याला पाणी येईल, जनावरं वर बांधा, तलाव उतरेपर्यंत पोरांना गावातल्या नातेवाइकांकडं निजायला पाठवा. अंगणवाडी गावच्या देवळात भरवा. मी तिच्या मागं मागं. वर येऊन बघतो तर शेठ स्वतः उभे राहून माणसांकडून सांडव्यातली पोती उपसून घेत होते. आमच्याकडं मात्र बघितलं नाही.

आठ दिवसांनी तलाव तळाशी गेला. कुंड काढायला मिस्त्री आला, पण पिंडीला हात लावायला कोणीच तयार होईना. मिस्त्रीनं तर कानाला हात लावले. शेवटी शेठ अंघोळ करून, ओल्या धोतरानं, अनवाणी आले. गळ्यातलं लिंग मुठीत धरून काहीतरी पुटपुटले, आणि पिंडी स्वतः उचलून शेताच्या कडेला लिंबाखाली नेऊन ठेवली.

फरशी निघाली. लेकीनं मिस्त्रीला पहार अलगद टेकवायला सांगितली. घाव घालावाच लागला नाही. पुरुषभर पहार मिस्त्रीच्या मुठीपर्यंत बांधात गेली.

 शेठ वळून वस्तीच्या पत्र्यांकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग लेकीकडं आले आणि वाळू किती ब्रास लागेल ते विचारलं. बाई म्हणाले तिला, पोरी नाही. माझा ऊर भरून आला. रडलो म्हणा ना.

वस्तीतली एक म्हातारी शेळी घेऊन मघापासून तिथं उभी होती. माझी टोपी नि पांढऱ्या मिशा बघून तिला वाटलं असावं की इथला मोठा माणूस मीच. जवळ येऊन हात जोडून म्हणाली, "साहेब, नातवंडांना आता घरी निजवू का?"

"साहेब ह्या हायत, माय," मी लेकीकडं बोट केलं. "म्या त्यांच्यासंगं आलोय. त्यांना इचारा."