आईची बदकं, जावयाची बरणी

बदकं आईची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळेच ते विसरले.

संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि वडील अंधेरीतल्या आमच्या बैठ्या चाळीत खोकत बसले. डॉक्टरांनी रोज एक अंडं खायला सांगितलं. आईने ओळखीच्या कोळणीकडून दोन बदकं आणली आणि घरामागच्या डबक्यात सोडली. खोकला काही गेला नाही. पण सकाळी उकडलेलं अंडं सोलताना वडिलांच्या हातांना पहिल्या पाळीला निघाल्यासारखी लगबग असायची. दिवसभरात तेवढंच एक काम त्यांना उरलं होतं.

त्या सुमारास बहिणीचे यजमान कंपनीतर्फे नवीन यंत्र शिकायला फ्रान्सला जाऊन आले. परदेशाहून आलेला माणूस आधी अत्तरं वाटतो आणि मग मतं. भावजींनी अत्तर आणलं नव्हतं.

"आई, तिकडे बदकाची कॉन्फी करतात," ते म्हणाले. "मांसाला मीठ चोळायचं, बदकाच्याच चरबीत मंद शिजवायचं आणि त्याच चरबीत बुडवून ठेवायचं. महिनाभर मुरलं की काय लागतं! आमच्या साहेबांना खिलवणार आहे मी." बोलताना त्यांची नजर मागच्या दारातून डबक्याकडे गेली होती.

"ती अंड्यावर आहेत हो," आई म्हणाली.

"बाजारातून आणा ना, भावजी," मी म्हणालो.

"बाजारात अशी गावठी मिळतात? तुला काय कळतंय रे त्यातलं!"

आईने वडिलांकडे पाहिलं. "देऊन टाक," वडील म्हणाले. "जावई पहिल्यांदा काहीतरी मागतोय."

पहिल्यांदा! लग्नातलं घड्याळ, अंगठी आणि सूट त्यांनी मागितले नव्हते, फक्त सुचवले होते. आमच्यात जावयाला नाही म्हणत नाहीत. ही रीत ज्याने पाडली, तो नक्की कुणाचा तरी जावई असणार.

रविवारी दोन्ही बदकं कापली. डबक्यातल्या गोगलगायींवर वाढलेल्या त्या जिवांच्या अंगावर चरबी ती कितीशी असणार? कमी पडली ती वनस्पती तुपाने भरून काढली. स्टोव्ह दुपारभर मंद जळत राहिला आणि आठवड्याचं रॉकेल संपलं. घरात चिनी मातीची बरणी एकच होती. आईने त्यातलं लोणचं डब्यांत काढलं, बरणी धुतली, उन्हात वाळवली आणि भावजींपुढे ठेवली.

भावजींनी सगळा विचार केला होता. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं पाहिलं नव्हतं. महिना भरला तेव्हा श्रावण लागलेला. मुलुंडला त्यांच्या आईने बरणी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. साहेबांकडे तर गणपती जाईपर्यंत पाळायचे. "फ्रान्समध्ये ही कटकट नाही," भावजी म्हणाले आणि बरणी पुन्हा आमच्याकडे आणून ठेवली. आईने ती माळ्यावर चढवली. खाली वडील सकाळी नुसता चहा पीत. चहा संपला तरी बराच वेळ मागच्या दाराकडे बघत बसत.

गणपती गेले. तोवर साहेबांची बदलीही झाली. मग भावजी एकटेच आले, वरची चरबी खरवडून तंगड्या तव्यावर परतल्या आणि पहिली वडिलांच्या ताटात वाढली. "खा बाबा, ताकद येईल."

चव उत्तम होती. ते मला आजही सहन होत नाही.

वडिलांनी हाड चोखून साफ केलं. "झकास झालंय, जावईबापू," म्हणाले, आणि खोकत राहिले. मी ताटावरून उठू लागलो.

"बस खाली," आई हळू आवाजात म्हणाली. "जावई जेवतोय." तिने स्वतःच्या ताटात भात आणि आमटीच घेतली होती.

"आई, पुढच्या वर्षी चार पाळा!" निघताना भावजी म्हणाले.

आईने उरलेलं मांस बरणीसकट त्यांच्या हातात दिलं. "बरणी राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली. "तिचा वास आता जायचा नाही."

त्यांना ती भेट वाटली. बरणी अजून मुलुंडला त्यांच्या दिवाणखान्यात आहे. फ्रान्सहून आणलीय, असं ते पाहुण्यांना सांगतात.