डाव्या हाताला काम

माझ्या मुलीला तिसरं वर्ष लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की नदीच्या अंगाला एक वस्ती लागते, तिथं आमचं घर होतं. घरात मी, माझी सासू आणि ही पोर. हे मुंबईला गोदीत कामाला होते, शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. माझं माहेर महाडचं. सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून सासूबाईंच्या लेखी मी जरा पुस्तकीच. त्या मूळच्या कुडपणच्या. डोंगरावरच्या माणसाचे पाय थांबत नाहीत आणि तोंडही थांबत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या.

मार्गशीर्षातली थंडीची सकाळ होती. पेजेचं तपेलं चुलीवरून उतरवून मी खाली ठेवलं आणि ताटली घ्यायला वळले. तेवढ्यात पोरीनं वाकून उजवा हात तपेल्यात घातला. तिची किंकाळी ऐकून सासूबाई गोठ्यातून धावत आल्या. त्यांनी तिला उचललं आणि तिचा हात पाण्याच्या हंड्यात बुडवून धरला. आजूबाजूच्या बायका जमल्या. कुणी म्हणालं शाई लावा, कुणी म्हणालं चुना. मी काही लावू दिलं नाही. हात ओल्या धुवट फडक्यात गुंडाळला, पोरीला कडेवर घेतलं आणि पोलादपूरला येऊन महाडची एष्टी पकडली.

महाडच्या डॉक्टरांनी एकेक बोट वेगळं बांधलं. मग हात धुताना ते मला म्हणाले, "जखम भरेल. पण खरं काम त्याच्या पुढं आहे. भाजलेली कातडी आकसते, बोटांना तळहाताकडे ओढते. जखम भरली की ती बोटं रोज उघडायची. रडली तरी. पावसाळा संपल्यावर मला दाखवा. तोवर सुटली नाहीत तर मुंबईला नेऊन कातडी कापावी लागेल."

जखम भरली. आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. वाळलेलं पान कडेनं आत वळतं तशी बोटं वळायला लागली. मी रोज खोबरेल तेलाची वाटी कोमट करायची, पोरीला मांडीत दाबून धरायची आणि एकेक बोट मागं ओढायची. ती रडून निळी पडायची. सासूबाई पडवीत जाऊन पाठमोऱ्या बसायच्या आणि तिथूनच म्हणायच्या, "नको गो छळू पोरीला. डावा हाय ना तिला!"

"डाव्यानं भात लावता येतं का आत्याबाई? डाव्यानं भाकरी थापता येते का?"

"शिकंल."

"उजवाच शिकेल," मी म्हणायची.

एक दिवस मी स्वतःच्या केसांना लावायला तेलाची वाटी काढली. ती पाहताच पोर भाताच्या कणगीमागं गेली. उजवा हात झबल्याखाली लपवून म्हणाली, "आई, नको. मी शानी हाय."

मी ती वाटी फडताळात ठेवून दिली. तिला वाटत होतं की ही शिक्षा आहे. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, पोरीच्या हाताला आपण हात लावायचा नाही. तिचा हात तिनंच हलवला पाहिजे. तो हलवावासा वाटेल असं काहीतरी आपण तिच्यापुढं ठेवायचं. काय ठेवायचं ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

ते सापडलं स्वयंपाकघरात. नवे वाल आले होते. बिरड्यासाठी भिजवून मोड काढलेले वाल घेऊन मी सोलायला बसले होते. भिजलेला वाल सोलायला जोर लागत नाही. दोन बोटांत धरून चिमटला की सालीतून डाळिंबी सुळकन बाहेर येते. पोर माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या डाव्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता आणि तो काही ती सोडणार नव्हती. मी तिच्याकडे न बघता एक वाल चिमटला तो मुद्दामच जरा जोरात. डाळिंबी उडाली आणि समोर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंच्या गालावर आपटली.

"अगो मेले!" सासूबाई ओरडल्या.

पोर खदखदून हसली. भाजल्यापासून ती तशी हसली नव्हती. तिनं खाली बसून परातीत उजवा हात घातला, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यात कसाबसा एक वाल पकडला आणि दाबला. तो निसटला. दुसरा पकडला. तोही निसटला. कितव्या तरी वालाची साल फाटली आणि डाळिंबी पुढं पडली. पोरीनं आजीकडं बघितलं. आजीनं लगेच गाल पुढं केला.

त्या दिवसापासून आमच्याकडं गरजेपेक्षा जास्त वाल भिजायला लागले. दोघी सासवासुना बिरडं खाऊन कंटाळलो, पण वाल भिजवायचे थांबवले नाहीत.

शिमग्याला हे आले. पोरीचा हात पालथा-उताणा करून बघितला. जेवताना म्हणाले, "मुंबईला नेऊ. तिथं मोठे दवाखाने हायत. कातडी कापायची तर आताच कापू दे."

"पावसाळा सरेपर्यंत मला द्या," मी म्हणाले.

"आन् नाय सुटली बोटं तर?"

"तर तुम्ही म्हणाल तिथं येईन. पण तोवर तिच्या हाताला कुणी हात लावायचा नाही."

यांच्याशी एवढ्या ठामपणे मी कधी बोलले नव्हते. ते सासूबाईंकडं बघायला लागले. सासूबाई भाताचा घास हातात धरून म्हणाल्या, "बघ रे तिला काय करायचं ते. माझा गाल रोज शेकतोय त्या डाळिंब्यांनी." मग हेसुद्धा हसले. मुंबईला परत गेल्यावर त्यांनी गावच्या माणसाबरोबर एक लाल रबरी चेंडू पाठवला. तो पोरीच्या मुठीत मावेना. सासूबाईंनी लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळून, वरून दोऱ्यानं शिवून लिंबाएवढा चेंडू केला. तो मावला.

उन्हाळ्यात मी नदीकाठची चिकणमाती आणली. पोरीला म्हटलं, चूल कर, बोळकी कर, बाहुलीला पेज शिजवायची आहे. मातीत हात घालायला ती एका पायावर तयार. पण डावा हात फार हुशार झाला होता. मळायला तो, थापायला तो, सगळीकडं तोच पुढं. उजवा मांडीवर पडलेला. दोन-तीन दिवस मी बघितलं आणि मग एका दुपारी फडक्यानं तिचा डावा हात अंगाशी बांधून टाकला.

तिनं जो आकांत मांडला तो वस्तीभर ऐकू गेला. सासूबाई गुरांच्या वाडग्यातून आल्या, गाठ सोडली, पोरीला छातीशी धरलं. "एक हात देवानं भाजला. दुसरा तू बांधतीस?"

"मग काय करू ते तुम्ही सांगा," मीही ओरडले. "तुम्ही नुसतं नको नको म्हणता! जन्मभर ती वळलेला हात पदराखाली धरून हिंडेल, ते चालेल तुम्हाला?"

मग आम्ही दोघी दिवसभर एकमेकींशी बोललो नाही. भाकरी वाढली, पाणी दिलं, पण शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवून उठले तर पडवीत सासूबाई आणि पोर समोरासमोर बसलेल्या. मधे टोपलीभर भाताचा तूस. पोरीच्या डाव्या हातात नारळाची करवंटी.

"ही चिमणीची वाटी हाय," सासूबाई तिला सांगत होत्या. "सोडायची नाय हां. सोडलीस तर चिमणी उडून जाईल. आता तुसात दाणं लपलेत चिमणीचं. ते शोध नि वाटीत टाक."

तुसात त्यांनी चिंचोके पुरले होते. पोरीनं करवंटी छातीशी घट्ट धरली आणि उजवा हात तुसात खुपसला. चाचपडली. एक चिंचोका वर आला, वाटीत टक्कन पडला.

सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "डाव्याला काम दे. रिकामा असला की तोच पुढं येतो. त्याला धरायला काहीतरी दिलं की झालं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आमचं भांडण तिथंच मिटलं. पुढं जे काही केलं ते दोघींनी मिळून केलं. दर वेळी आधी विचार करायचा, डाव्यानं काय धरायचं? फणसाच्या पानाचा बैल करायचा तर डाव्यानं पान धरायचं, उजव्यानं कडेला फाडून शिंगं काढायची. पत्रावळ खेळायची तर डाव्यानं दोन पानं एकावर एक धरायची, उजव्यानं काडी टोचायची. बाहुलीचे कपडे धुवायचे तर पिळायला दोन्ही हात लागतातच. मी भाकऱ्या करताना तिला पिठाची गोळी द्यायची. तिची भाकरी रुपयाएवढी, जाडीला माझ्या भाकरीपेक्षा जास्त. तव्याच्या कडेला ती भाजायची आणि आजीनं खायची, हा नियम होता.

वस्तीतली लहान मुलं हे बघायला यायची आणि बघता बघता बसायची. माझी पोर एकटी असली की लवकर कंटाळायची. चारजणं तुसात हात घालायला लागली की तिला पुढं जायचं असायचं. म्हणून मी कुणाला परत पाठवलं नाही. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "काय गो, शाळा काढलीस काय? आमच्या पोरांना घेऊन माती खेळतीस!" मी म्हणायची, "पोरं सांभाळतेय ना तुमची? मग जाताना तूस देऊन जा." त्या हसायच्या, पण तूस आणून द्यायच्या.

पावसाळा मात्र जड गेला. लावणीत आम्ही दोघी दिवसभर शेतात, पोर बांधावर इरल्याखाली. चिखल होताच, ती चिखलाच्या भाकऱ्या थापायची. पण ओल्यानं हाताची नाजूक कातडी बोटांच्या बेचक्यात फाटली, रक्त आलं. सगळे खेळ बंद करावे लागले. कातडी जुळेपर्यंत बोटं पुन्हा आत आली. इतक्या महिन्यांत जे मिळवलं होतं त्यातलं बरंचसं गेलं. त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं, आपला हट्ट पोरीला महाग तर पडणार नाही ना?

मी सासूबाईंना तसं बोलले. त्या चुलीपुढं हात शेकत होत्या. म्हणाल्या, "कुडपणला आमची डोंगरउतारावरची वरकस जमीन. पावसानं बांध फुटला की माझा बा दगड पुन्हा रचायचा. फुटला म्हणून बांध टाकून कोण देतं?"

कातडी जुळल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोमट पाणी, मऊ फडकं, पिळायचं. मग चिंध्यांचा चेंडू. मग तूस.

दसरा झाल्यावर पोरीला घेऊन मी महाडला गेले. सासूबाईही आल्या. एष्टीत बसायची त्यांना भीती वाटायची, तरी आल्या. डॉक्टरांनी पोरीला टेबलासमोर स्टुलावर बसवलं. "मूठ कर बघू बाळ. आता उघड." पोरीनं दोन्ही हात मागं घेतले. त्यांनी गोड बोलून बघितलं, मी बोलून बघितलं. ती ओठ मिटून बसली. डॉक्टर म्हणाले, "राहू दे थोडा वेळ," आणि माझ्याशी बोलायला लागले.

टेबलावर कागदावर पांढऱ्या गोळ्या मोजून ठेवल्या होत्या आणि शेजारी रिकामी बाटली. आमचं बोलणं चाललेलं असताना पोरीनं ती बाटली डाव्या हातात घेतली. उजव्या हातानं एकेक गोळी चिमटीत उचलून आत टाकायला लागली. डॉक्टर बोलता बोलता थांबले. मी तिला आवरायला पुढं झाले तर त्यांनी हातानं मला थोपवलं. शेवटची गोळी आत पडेपर्यंत ते नुसते बघत राहिले.

मग त्यांनी हलकेच तिचा हात घेतला. अंगठा आणि पुढची दोन बोटं जवळजवळ सरळ होत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही अर्धी वळलेली होती.

"ही दोन एवढीच राहतील," ते म्हणाले. "पण कापायची गरज नाही. काय केलंत तुम्ही?"

सासूबाईच म्हणाल्या, "खेळलो."

ती सातव्या वर्षी शाळेत गेली आणि उजव्या हातानं पाटीवर लिहायला लागली. अक्षर पसरट होतं, पण गुरुजींनी कधी खोड काढली नाही. आमच्या पडवीत मुलं येतच राहिली. माझ्या पोरीला गरज उरली नव्हती, तरी त्यांच्या आयांना होती. एक मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, त्यालाही त्याची आई आणून बसवायची. मी त्याच्यापुढं तूस ठेवायची, तो चिंचोके शोधायचा आणि सासूबाई त्याच्याशी न थांबता बोलत राहायच्या.

गौरीच्या सणाला वस्तीवर महाडचा कासार यायचा. पोर आठ-नऊ वर्षांची असेल. सगळ्या मुली रांगेत बसल्या होत्या. तिची पाळी आली तशी मी पुढं सरकले. बांगडी भरायला हात मऊ सोडून बोटं एकत्र गोळा करावी लागतात. तिची दोन बोटं तशी होत नाहीत हे मला माहीत होतं. तिनं डावा हात आधी दिला, मग उजवा. कासारानं हात दाबून बघितला, एक बांगडी अडली. त्यानं पेटीतून एक माप मोठ्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि सावकाश, एकेक करून चढवल्या.

त्या उजव्या हातात सैल झाल्या. ती धावत आजीकडं गेली आणि हात हलवून म्हणाली, "आजे, ऐक, या हाताच्या जास्त वाजतात."