शेवंडीच्या पाठीवरचा हात

सुनेने बाजारातून जिवंत शेवंड आणली, कोळंबीची थोरली बहीणच. परातीत ती लांब मिशा हलवीत होती. मुलगा म्हणाला, "आई तर बेधडक उकळत्या पाण्यात टाकायची."

साफ खोटे, म्हणालो मी! तुमचे डोळे ताटाकडे असत. माझे तुमच्या आईकडे. ती ओल्या तळव्याने शेवंडीची पाठ कुरवाळी, "उगी राहा गं बाय" म्हणे, आणि मिशा निवांत झाल्यावरच तिला पातेल्यात सोडी. त्या दिवशी जेवताना तिला कधीच भूक नसे. अशा बाईला बेधडक म्हणता?

"मग बाबा, तुम्हीच दाखवा ना," सून म्हणाली.

जन्मात मी शेवंडीला हात लावलेला नाही. तरीही बाह्या सरसावल्या. ही गेल्यापासून तिच्या हातांची आठवण मी एकट्यानेच सांभाळली आहे. ती खरी की खोटी, हे आता शेवंडच ठरवील.