लेस्टरबाबांचं पाणी

बुरुंडी सुटल्यावर दोमितिलची सोळा वर्षं टांझानियातल्या छावणीत गेली आणि सात वर्षं ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरात दुसऱ्यांची द्राक्षं खुडण्यात. मग म्हाताऱ्या लेस्टरबाबांनी वेली उपटून मोकळी झालेली एकरभर जमीन तिला फुकट कसायला दिली. अशी माणसं असतात, म्हणून जग चाललंय.

तिनं पांढरा मका लावला. बुगाली त्याच्याच पिठाची होते, आणि तो घट्ट गोळा पोटात गेल्याशिवाय तिच्या माणसांना जेवल्यासारखं वाटत नाही. हा मका ताटावरच वाळवायचा असतो. एप्रिलात रान पिवळं पडलं, तशी दोमितिल खूश झाली. लेस्टरबाबांनी मात्र जन्मभर हिरवी कणसंच खाल्लेली. त्यांना वाटलं, बाईचं पीक जळालं. आपल्या वाट्याचं महागामोलाचं पाणी देऊन त्यांनी तीन दिवस गुपचूप तुषार सिंचन चालवलं.

शनिवारी दोमितिल आली, तर कणसं चिंब, आणि बाबांच्या तुषारांच्या नळ्या अजून ठिबकत होत्या. एक सोलून पाहिलं, तर आत कुबट वास. ती बांधावर मटकन बसली.

"सांग त्याला तोंडावर!" नणंद पेलाजी कडाडली. "वर्षाचं पीठ घालवलं त्यानं!"

"काय सांगू? दिलेल्या दुधाला कुणी नावं ठेवतं का गं? उद्या जमीनच काढून घेतली तर?"

"दुधात माशी पडली तर सांगतात की नाही?"

तेवढ्यात लेस्टरबाबा आलेच. "पाणी पोचलं ना, पोरी?"

"पोचलं, बाबा. देव तुमचं भलं करो," असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. मग पेलाजीनंच सगळं सांगून टाकलं.

बाबांचा चेहरा पडला, आणि मग ते जे तापले!

"चाळीस वर्षं बेदाणे वाळवलेत मी. वाळवणावर पाणी पडलं की काय होतं, ते मला कळत नाही? हा मका वाळवायचाय, एवढं आधी सांगायचं होतंस! आणि तू आशीर्वाद कसले देतेस? शिव्या द्यायच्यास!"

पत्र्याखालचे बेदाण्यांचे लांबलचक रॅक रिकामेच होते. संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून कणसं त्यांवर पसरली. तिसरा हिस्सा गेला, बाकीचं वाचलं.

पहिल्या दळणाची बुगाली दोमितिलनं बाबांसमोर ठेवली. त्यांनी एक घास मोडला.

"याला चवच नाही."

पेलाजीच्या कपाळाला आठी पडली. दोमितिल मात्र खदखदून हसली आणि घेवड्याच्या कालवणाचा वाडगा पुढे सरकवला.

"नुसती कोण खातं, बाबा? बुडवा यात. आणि पुढच्या वर्षी मी सांगेन तेव्हाच पाणी सोडायचं."

पुढच्या वर्षाचं नाव आजवर दोघांपैकी कुणीच काढलं नव्हतं.

"बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी दुसरा घास बुडवला.