भित्र्या वकिलाचं गाऱ्हाणं

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात शोधून सापडायचा नाही. आणि देवाची करणी नि नारळात पाणी म्हणतात तसं, हा माणूस मालवणच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. माडाखालून जाताना मामा ऊन नसलं तरी छत्री उघडतात आणि वर आपल्यालाच विचारतात, "नारळ काय पंचांग बघून पडता?" कुत्रं दिसलं की रस्ता बदलतात, आणि बदललेल्या रस्त्यावर दुसरं कुत्रं असेल म्हणून माघारी येतात. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी कोर्टापर्यंत चालत जाऊन इमारत जागेवर आहे ना, ते बघून येतात. भीती फारच अनावर झाली की त्यांचं गाऱ्हाणं सुरू होतं. आमच्याकडे देवळात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" असा हुंकार भरतात, तसं. मामांचा कारभार मात्र एकखांबी. एसटी घाट उतरायला लागली की डोळे मिटून, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेचो ब्रेक लागांदे," आणि लगेच स्वतःच, "व्हय म्हाराजा!" कंडक्टरसुद्धा तिकीट फाडायचा थांबतो.

"तुझ्या मामांकडे खटला द्यायचा म्हणजे आपणच बेड्या घालून घ्यायच्या," असं मी बायकोला चिडवायचो. जिभेला हाड नसलं की असं होतं. माझ्यावरच वेळ आली.

मसुऱ्याला आमच्या परड्याच्या कडेला दगडांचा गडगा आहे. अलीकडे मी, पलीकडे दाजी. दाजी माझा भाऊबंद, म्हणजे शेजारी कमी आणि वैरी जास्त. एका सकाळी तो गडग्यावर चढून माझ्या काजूची बोंडं ओरबाडत होता. मी हातात फळं काढायची आकडी घेऊन ओरडत धावलो. तो दचकला, पायाखालचा धोंडा निसटला, आणि स्वारी धाडकन खाली. मनगट मोडलं. झालं ते एवढंच. पण पोलिसांत त्याने सांगितलं की मास्तरने आकडीने मारलं. आकडी माझ्या हातात होती, हे तर वाटेवरच्या लोकांनी पाहिलंच होतं. मी हायस्कुलातला शिक्षक. शिक्षा लागली असती तर तुरुंग होता, नोकरी गेली होती, आणि मुलगी ऐन बारावीत.

मामा ठाण्यात आले ते असे घाबरलेले की हवालदाराने पाणी आधी त्यांना दिलं. मी माझी बाजू समजावून सांगायला घसा साफ केला, तोच मामांनी माझ्या पायावर पाय दिला. "मास्तरानू, हयसर वर्ग नाय. इचारल्यानी तेवढाच सांगा." त्याच दिवशी जामीन झाला. दाजीशी एक शब्दही बोलायचा नाही, त्याच्या दारावरून जायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

मग तालीम सुरू झाली. मामा घरी येत, सरकारी वकील होत आणि मला नाही नाही ते विचारत. प्रश्न असा भयंकर निघे की विचारून तेच गारठत. "अरे देवा, ह्या खराच इचारल्यानी तर काय करूचा?" की उत्तराच्या शोधात निघाले! धोंडा आपोआप निसटतो कसा, अशाच एका प्रश्नाच्या भीतीपोटी, स्टुलावर न चढणारा हा माणूस गडग्यावर चढला, बोंडाला हात घातला, आणि धोंडा निसटून काजूच्या पाल्यात उताणा पडला. पडल्या पडल्या ओरडले, "मास्तरानू, तुमी खरा बोलतास!" म्हणजे तोवर शंका होती! मला असा राग आला म्हणता.

प्रत्येक तारखेला मामांच्या खांद्याला एक फुगलेली कापडी पिशवी असे. हात लावू देत नसत. मला वाटे, कायद्याची पुस्तकं असतील.

दाजीची उलटतपासणी आली. दाजी पिंजऱ्यात, बरं झालेलं मनगट छातीशी धरून. मामा उठले. कागद खाली पडले, ते उचलताना चष्मा पडला. पहिला प्रश्नच आठवेना. मेलो, संपलं, आता मुलीला काय सांगू! इतक्यात मामांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि खणखणीत आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू त्या दिसा काजीखाली इलो..."

आमच्या देवळात सगळ्यात मोठा हुंकार कुणाचा, तर दाजीचा. लहानपणापासूनची सवय ती! "व्हय म्हाराजा!" पिंजरा दणाणला.

"गडग्यार चढलो, बोंडाक हात घातल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"धोंडो निसाटलो, आणि आपल्याच पायान पडलो..."

"व्हय म्हाराजा!"

सरकारी वकील ताडकन उठले. "वकीलसाहेब, हे कोर्ट आहे," न्यायाधीश म्हणाले. मामा भानावर येऊन "चुकलो, साहेब" म्हणत कान पकडू लागले. न्यायाधीश दाजीकडे वळले. "तुम्ही आत्ता होय म्हणालात. नीट सांगा, काय झालं?" दाजी पांढराफटक. शपथेवर खोटं बोलणं त्याला जमलं होतं. पण गाऱ्हाण्याला दिलेला हुंकार मागे घ्यायची छाती आमच्या गावात कुणाची नाही. "साहेब," तो पुटपुटला, "मी पडलंय. मास्तरांनी मारल्यानी नाय. आरडले मात्र."

निकालाच्या दिवशी निर्दोष सुटलो. बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, ती युक्ती होती ना?"

"कसली युक्ती? प्रश्न इसारलंय. भियान तोंडाक इला ता इला," म्हणत ते पायरीवर बसले. त्यांना घेरी येत होती. पाणी असेल म्हणून मी ती पिशवी उघडली. आत पुस्तक एकही नव्हतं. पंचा, ब्रश, लुंगी, चादर. सगळं दोन-दोन. आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या.

"शिक्षा झाली असती तर लागतला, म्हणान," मामा ओशाळून म्हणाले.

"पण दोन-दोन?"

"आत घेयत नाय, ता माका म्हायत आसा. तुरुंगाच्या भायर झाडाखाली बसान रवलो असतंय. पयल्या राती तुमका एकट्याक भिया वाटला असता."

मी पाणी आणायला म्हणून उठलो.

मामांना चिडवणं मी तेव्हापासून सोडलं. माड दिसला की ते अजून छत्री उघडतात. मी मुकाट्याने आत शिरतो.